स्क्रीनचा फोटो नीट कसा काढायचा? लहरी आणि काळे पट्टे येतायत, सल्ला हवाय

शाईचा_डाग
नमस्कार मंडळी. कॉम्प्युटरची फारशी सवय नसलेल्यांसाठी एक छोटी मार्गदर्शिका लिहितेय, बायोसमध्ये (विंडोजसारखी सिस्टीम सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यात) कसं जायचं, बूट ऑर्डर (कॉम्प्युटरने आधी कुठून सुरू व्हायचं तो क्रम) कशी बदलायची, पेनड्राईव्हवरून इन्स्टॉल कसं करायचं वगैरे. आपल्यासमोर दिसतंय तेच पानावर दिसलं तरच ही माणसं धीर करून पुढचं बटण दाबतात, त्यामुळे फोटो एकदम स्वच्छ हवेत. पण फोनने काढले की पांढऱ्या भागावर रंगीत लहरी उमटतात, मधूनच आडवा काळा पट्टा येतो, अक्षरं एकतर फटफटीत नाहीतर निळसर. डीएसएलआर, ५० एमएमची लेन्स आणि ट्रायपॉड आहे माझ्याकडे. शिवाय मुखपृष्ठावर टेबल, कीबोर्ड आणि चालू मॉनिटर असा एक फोटो टाकायचाय. सेटिंग काय ठेवू आणि सुरुवात कुठून करू?

चौकट
आधी एक विचारतो, यातल्या किती चित्रांना खरंच कॅमेरा लागणारे? सिस्टीम चालू झाल्यानंतरच्या सगळ्या पायऱ्यांना सरळ स्क्रीनशॉट घ्या, विंडोजवर विंडोज + शिफ्ट + एस, मॅकवर कमांड + शिफ्ट + ४. इन्स्टॉलेशनच्या पायऱ्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा आभासी कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) चालवा आणि बाहेरून शॉट घ्या, कुठलाही फोटो इतका धारदार येणार नाही. बायोसचं म्हणाल तर बऱ्याच मदरबोर्डांवर बायोसमध्ये असताना एफ१२ दाबलं की स्क्रीनशॉट पेनड्राईव्हवर सेव्ह होतो, पेनड्राईव्ह फॅट३२ फॉरमॅटमध्ये हवा एवढंच. तेही नसेल तर एचडीएमआय कॅप्चर कार्ड, कारण ते केबलमधून येणारं चित्रच पकडतं, त्याला सिस्टीम सुरू झालीये की नाही याच्याशी देणंघेणं नसतं. एवढं करून जे उरेल त्याचाच फोटो काढा.

तिपाई
चौकट यांचं बरोबर आहे, पण लॅपटॉपच्या बायोसमध्ये एफ१२ची सोय बऱ्याचदा नसते आणि कॅप्चर कार्ड सगळ्यांकडे नसतं, म्हणून कॅमेऱ्याचं सांगतो.

डोक्यात एक गोष्ट पक्की करा, स्क्रीन म्हणजे कागद नाही, दिवा आहे. कागदावर आपण प्रकाश टाकतो, इथे बाहेरून पडलेला प्रत्येक किरण चित्र खराबच करतो. त्यामुळे फ्लॅश बंद, खोलीतले दिवे बंद, पडदे ओढलेले. स्क्रीन चकचकीत असेल तर कॅमेऱ्याच्या मागे काळं कापड टांगा आणि स्वतः गडद कपडे घाला, पांढरा शर्ट काचेत हमखास दिसतो. काच आधी कोरड्या मऊ फडक्याने पुसून घ्या, डोळ्याला न दिसणारी धूळसुद्धा फोटोत दिसते.

कॅमेरा ट्रायपॉडवर, लेन्स बरोबर स्क्रीनच्या मध्याच्या उंचीवर आणि सेन्सर स्क्रीनला समांतर. मॉनिटर थोडा मागे झुकलेला असेल तर कॅमेराही तेवढाच झुकवा. व्ह्यूफाइंडरच्या ग्रिडरेषा चारही कडांशी जुळल्या पाहिजेत, नाहीतर चौकोनाचा पतंग होतो आणि एका कोपऱ्यातली अक्षरं धूसर येतात. ५० एमएम उत्तम आहे, वाइड लेन्सने जवळून काढू नका, कडा वाकतात, आणि स्वस्त टीएन पॅनल (एलसीडी पडद्याचा एक प्रकार) असेल तर वर-खाली रंगही बदललेला दिसतो कारण त्या पॅनलकडे तिरकं बघितलं की रंग पालटतो.

आता सेटिंग. मॅन्युअल मोड, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाश येण्याचं भोक) एफ/५.६ आणि शटर (उघडं राहण्याचा वेळ) १/१५ सेकंदाच्या आसपास, मग फोटो बघून १/८ किंवा १/३० कडे सरका. ऑटोवर सोडू नका, बायोसचा काळा-निळा स्क्रीन दिसला की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे आणि तो अक्षरं जाळून टाकतो, म्हणजे पांढरी फटफटीत करतो. दोन सेकंदांचा टायमर लावा, बोट लागून हलायला नको. रॉमध्ये (सेन्सरची कच्ची माहिती ठेवणाऱ्या फाइलमध्ये) काढा. व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा म्हणूनचं रंगाचं सेटिंग) हाताने ६५०० केल्विन ठेवा, बहुतेक मॉनिटर त्याच आसपास बसवलेले असतात, त्याने तुमचा निळसरपणा जाईल.

तुमचा काळा पट्टा फार वेगवान शटरमुळे येतोय. बहुतेक स्क्रीन सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतात आणि हा बदल वरून खाली सरकत जातो, त्यात काही मॉनिटरचा बॅकलाइट भराभर चालू-बंद होत असतो, फोन १/५०० ने फोटो काढतो तेव्हा त्या उघडझापीच्या मधला एक तुकडाच त्याच्या हाती लागतो. शटर १/३० किंवा त्याहून हळू केलं की अशा बऱ्याच उघडझापी एकत्र मिसळतात आणि पट्टा विरतो.

शाईचा_डाग
बापरे, केवढं सविस्तर, मनापासून धन्यवाद. स्क्रीन म्हणजे दिवा हे एकदम पटलं. पण रंगीत लहरींचं काय करू? आणि ब्राइटनेस फुल ठेवायचा का, एका ठिकाणी तसं वाचलं होतं.

जुनी_काच
लहरींचं मी सांगते, याला मॉयरे म्हणतात. जाळीचे दोन पडदे एकावर एक धरले की नसलेली नक्षी दिसायला लागते ना, तेच इथे होतं, एक जाळी स्क्रीनच्या पिक्सेलची आणि दुसरी कॅमेऱ्याच्या सेन्सरची. सेन्सरवर परत लाल-हिरव्या-निळ्या फिल्टरचं जाळं असतं म्हणून लहरी नुसत्या काळ्यापांढऱ्या न येता रंगीत येतात. काही कॅमेऱ्यांत सेन्सरसमोर चित्र अगदी किंचित मऊ करणारा फिल्टर असतो आणि काहींत जास्त धार मिळावी म्हणून तो काढलेला असतो, तसा कॅमेरा असेल तर हा त्रास जास्त.

उपाय एकच की दोन्ही जाळ्यांचा मेळ बिघडवायचा. सगळ्यात आधी अंतर बदला, कॅमेरा वीतभर मागे-पुढे करा, लहरींची नक्षी लगेच बदलते आणि कुठेतरी ती जवळजवळ नाहीशी होते. त्याने भागलं नाही तर कॅमेरा दोन-तीन अंश फिरवा आणि फोटो नंतर सरळ करून घ्या. तरीही राहिल्या तर मॅन्युअल फोकसवर जाऊन फोकस अगदी केसभर हलवा, इतकाच की सुटे पिक्सेल दिसेनासे होतील पण अक्षर वाचता येईल. बायोसची अक्षरं मोठी असतात, त्यांना एवढा मऊपणा सहज चालतो. ॲपर्चर एफ/१६ वगैरे केलं, म्हणजे भोक लहान केलं, तरी चित्र थोडं मऊ होतं आणि लहरी कमी होतात, पण मग शटर फार लांबतं म्हणून मी फोकसच हलवते.

आणि हे विशेष लक्षात ठेवा, कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर दिसणाऱ्या लहरी फोटोत असतीलच असं नाही. मोठा फोटो छोटा करून दाखवतानाही तशाच लहरी तयार होतात. १०० टक्के झूम करून बघितल्याशिवाय चांगला फोटो डिलीट करू नका.

उंबरठा
ब्राइटनेस फुल ठेवा हे मीही सांगायला आलो होतो. बरेच मॉनिटर ब्राइटनेस कमी करण्यासाठी बॅकलाइट वेगाने उघडझाप करतात, फुलवर असताना ती उघडझाप बहुतेक थांबते आणि पट्ट्यांचा प्रश्नच मिटतो.

तिपाई
उंबरठा, कारण बरोबर आहे पण यांच्या कामाला उलटं पडेल. फुल ब्राइटनेसला शटर हळू ठेवलं की अक्षरं जळतात, आणि शटर वेगवान केलं की पट्ट्यांची भीती परत. डीएसएलआरला ॲपर्चर लहान करून जमवता येतं, पण बहुतेक फोनचं ॲपर्चर कायमचं ठरलेलं असतं, तिथे हात बांधलेले. मी म्हणेन ब्राइटनेस मध्यम, शटर १/३० किंवा हळू. त्या शटरला बॅकलाइटच्या बऱ्याच उघडझापी एकत्र मिसळतात, दिसतच नाहीत. फुल ब्राइटनेस तेव्हा कामाचा जेव्हा कॅमेरा हातात धरून वेगवान शटर वापरणं भागच असतं.

नाइट लाइट, ट्रू टोन (स्क्रीनचा रंग आपोआप बदलणाऱ्या सोयी), आपोआप ब्राइटनेस हे सगळं मात्र आधी बंद करा. बायोसमध्ये ते चालू नसतंच, पण मुखपृष्ठाच्या फोटोत नक्की नडेल.

हिरवी_वात
फोनवाल्यांसाठी थोडक्यात लिहिते, इतरांनाही उपयोग होईल. प्रो मोड असेल तर आयएसओ सगळ्यात कमी आणि शटर १/३०. नसेल तर स्क्रीनवरच्या मजकुरावर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) लॉक करा, मग एक्स्पोजर खाली ओढा, अक्षराच्या कडा दिसायला लागेपर्यंत. नाइट मोड आणि एचडीआर बंद, ते बरेच फोटो जोडतात आणि वर धार वाढवतात, त्याने लहरी आणखी उठून दिसतात. २एक्स लेन्स असेल तर ती घेऊन मागे उभ्या राहा. हातात धरू नका, पुस्तकांच्या थप्पीला टेकवलात तरी फार फरक पडतो.

चौकट
पोलरायझर फिल्टर (ठरावीक दिशेचाच प्रकाश आत सोडणारी काच) लावून काचेतलं प्रतिबिंब घालवायचा मोह होईल, तेव्हा सांभाळून. एलसीडीतून येणारा प्रकाश आधीच पोलराइझ्ड, म्हणजे एकाच दिशेचा, असतो, फिल्टर एका कोनात फिरवला की आख्खा स्क्रीन काळा होतो आणि प्रतिबिंब मात्र तिथेच राहतं. अंधार हाच तुमचा फिल्टर.

शाईचा_डाग
मुखपृष्ठाचा फोटो मात्र अंधारात कसा काढू, टेबल आणि कीबोर्डही दिसायला हवेत ना?

जुनी_काच
दोन फोटो काढून जोडायचे. ट्रायपॉड आणि फोकस अजिबात न हलवता पहिला फोटो खोलीसाठी, बाजूने मऊ उजेड, मॉनिटर बंद, काचेत काही चमकत नाहीये ना एवढं पाहायचं. दुसरा स्क्रीनसाठी, दिवे बंद, वर सांगितलेली सेटिंग. मग एडिटिंगमध्ये दुसऱ्यातला स्क्रीन पहिल्यावर ठेवायचा, कॅमेरा हललेला नसल्याने कडा आपोआप जुळतात. स्क्रीनवरचा मजकूर वाचता यावा असं वाटत असेल तर तिथे थेट स्क्रीनशॉट बसवा आणि चार कोपरे ओढून जुळवा, त्यात लबाडी काही नाही, जाहिरातींत सर्रास करतात. फक्त त्याची चमक थोडी उतरवा आणि स्क्रीनचा हलका उजेड कीबोर्डवर पडलेला राहू द्या, तो नसला की स्क्रीन चिकटवल्यासारखा दिसतो. खिडकीचा उजेड स्क्रीनइतकाच असेल अशी संध्याकाळची वेळ साधलीत तर एका फोटोतही जमून जातं, पण ती वेळ थोडीच मिळते.

उंबरठा
मी पॅनलच्या दोषांचे फोटो काढत असतो, त्यातलं एक सांगतो. काळ्या स्क्रीनच्या कडेने झिरपणारा बॅकलाइट दाखवायचा असेल तर लांब एक्स्पोजरने तो प्रत्यक्षापेक्षा कितीतरी भयानक दिसतो आणि वाचणारा उगाच घाबरतो. डोळ्याला दिसतंय तेवढंच फोटोत येईपर्यंत एक्स्पोजर कमी करत जा. आणि कुणी व्हिडिओ काढणार असेल तर ६० हर्ट्झच्या स्क्रीनला शटर १/६० ठेवा, १/५० ठेवलं तर पट्टे वर-खाली सरकत राहतात.

शाईचा_डाग
मस्त, आज संध्याकाळपासूनच लागते कामाला. शेवटचं एक, फोटो पानात बसवायला लहान करताना काही काळजी घ्यायची का?

जुनी_काच
हो, हे राहिलंच होतं. आधी कडा कापून सरळ करा, मग अगदी हलका ब्लर द्या आणि नंतर लहान करा, म्हणजे लहान करताना नव्या लहरी येणार नाहीत. शार्पन सगळ्यात शेवटी आणि जपून. एखाद्या कोपऱ्यात रंगीत डाग उरलाच तर रॉ सॉफ्टवेअरमधला मॉयरे ब्रश तेवढ्याच भागावर फिरवा, सगळ्या फोटोवर फिरवलात तर बायोसमधली पिवळी-लाल अक्षरंसुद्धा फिकी पडतील, आणि वाचणारा नेमकी तीच शोधत असणार.