औषध द्यायला फार्मासिस्ट ‘नाही’ म्हणाला तर कायद्याने त्याला वाचवावं का?

आडवळण
परवा एका मित्राशी यावरून जोरात वाजलं, म्हणून इथे टाकतोय. एखादं औषध देणं फार्मासिस्टच्या मनाला पटत नाही, म्हणजे इमर्जन्सी पिल (संबंधानंतर गर्भ राहू नये म्हणून घ्यायची गोळी), गर्भपाताच्या गोळ्या, किंवा जिथे इच्छामरण कायदेशीर आहे तिथे त्यासाठीचं औषध, तर त्याने नकार दिल्यावर त्याची नोकरी आणि लायसन्स शाबूत राहावं का? अमेरिकेत दोन्ही टोकं बघायला मिळतात. साउथ डकोटाने १९९८ मध्येच कायदा केला की गर्भपातासाठी किंवा इच्छामरणासाठी औषध वापरलं जाईल असं वाटून नकार दिला तर कारवाई नाही. इलिनॉयच्या गव्हर्नरने २००५ मध्ये उलटा फतवा काढला, गर्भनिरोधकाची चिठ्ठी आली की विनाविलंब द्यायचं, आणि जे फार्मासिस्ट कोर्टात गेले त्यांच्यावर तो लावता येणार नाही असं २०१२ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं.
माझं मत, संरक्षण माणसाला द्यावं, दुकानाला नाही. ज्याला पटत नाही त्याने बाजूला व्हावं, पण गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाता कामा नये.

तिखटमीठ
साफ असहमत. ही औषधं विकायचा हक्क लायसन्सवाल्यांनाच आहे ना? सरकारने बाकी सगळ्यांना बाजूला करून तुम्हाला मक्तेदारी दिली, आता तुम्ही म्हणता काही औषधं आमच्या मर्जीने. फ्रान्सच्या दोन फार्मासिस्टांनी नेमकं हेच युरोपियन मानवाधिकार कोर्टात नेलं होतं, २००१ मध्ये कोर्टाने अर्ज दाखलच करून घेतला नाही. कारण असं दिलं की गर्भनिरोधकं कायदेशीर आहेत, चिठ्ठीवर आणि फक्त फार्मसीतच मिळतात, मग तुमची श्रद्धा गिऱ्हाइकावर लादता येणार नाही.
आणि घड्याळ कोण बघणार? लेवोनॉरजेस्ट्रेलची गोळी, म्हणजे नेहमीची इमर्जन्सी पिल, संबंधानंतर ७२ तासांत घ्यायची, जितकी लवकर तितकी बरी. शुक्रवारी रात्री गरज पडली, शनिवारी एकाने नाही म्हटलं, रविवारी दुसरं दुकान बंद, सोमवारी रात्री मुदत खलास. हा नकार राहतच नाही, हा तिच्यासाठी परस्पर घेतलेला निर्णय झाला.

उंबरठा
तिखटमीठ, मग डॉक्टरलाही लायसन्सच असतं की! अमेरिकेने १९७३ मध्येच गर्भपात आणि नसबंदीपुरतं डॉक्टर-नर्सना नाही म्हणायचं संरक्षण दिलं, फार्मासिस्टचं त्यात साधं नाव नाही. म्हणजे डॉक्टरला विवेक आणि काउंटरमागच्या माणसाला फक्त हात, असंच ना? पिलवरून सगळे आवाज चढवतात, पण इच्छामरणाचं औषध घ्या. ते मोजून द्यायचं, लेबल लावायचं, घ्यायचं कसं ते समजावायचं, आणि मन नको म्हणत असलं तरी नोकरी टिकवायची तर दे, असं तुम्ही एखाद्याला तोंडावर सांगू शकाल? मी नाही सांगू शकणार.

तिखटमीठ
इच्छामरणाचं मान्य करते, तिथे माझाही पाय अडखळतो. पण तुमच्या बाजूचे लोक बाजूला होऊन थांबत नाहीत ना! अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधे २००२ मध्ये एका फार्मासिस्टने नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्या तर दिल्या नाहीतच, वर ती चिठ्ठी दुसऱ्या फार्मसीकडे पाठवायलाही नाही म्हणाला. पुढे तिथल्या फार्मसी बोर्डाने त्याच्यावर कारवाई केली आणि २००८ मध्ये अपील कोर्टाने ती उचलून धरली, बरं झालं.

उंबरठा
चिठ्ठी अडवून ठेवणं चूकच, त्याची वकिली मी करणार नाही. फक्त एवढंच की ज्याला ते औषध म्हणजे जीव घेणं वाटतं, त्याला ‘दुसऱ्याकडे जा’ हे सांगणंसुद्धा हातभार लावल्यासारखंच वाटतं. तुम्हाला ते हास्यास्पद वाटेल, त्याला नाही.

बारीक_अक्षर
बरीच वर्षं काउंटरमागे उभी आहे म्हणून लिहिते, राग मानू नका. ‘नाही’ म्हणणं हा आमच्या कामाचाच भाग आहे हो. संधिवाताला मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं, कधीतरी चिठ्ठीवर ‘रोज’ असं येतं आणि तसं दिलं तर माणूस जिवानिशी जाऊ शकतो. अशा वेळी मी गोळ्या हातात धरून ठेवते, डॉक्टरांना फोन लावते, आणि माझ्या नकाराचं कारण मी कुणालाही दाखवू शकते. मनाला पटत नाही हे कारण कुणाला आणि कसं दाखवणार?
दुसरं म्हणजे आम्हाला फक्त औषध दिसतं, ते कशासाठी हे दिसत नाही. तेच मेथोट्रेक्सेट गर्भनलिकेत राहिलेली गर्भधारणा थांबवायलाही देतात. संधिवाताने एका बाईंची बोटं मिटत नव्हती, तळहाताच्या कडेने चिठ्ठी माझ्याकडे सरकवली त्यांनी. आता मनात शंका धरून मी भर काउंटरवर त्यांना विचारायचं का, हे कशाला हवंय? २०२२ मध्ये अमेरिकेत गर्भपाताचा घटनात्मक हक्क गेला आणि असल्याच रुग्णांची औषधं अडकायला लागली. जुलैमध्ये केंद्रीय आरोग्य खात्याला साठेक हजार फार्मसींसाठी पत्रक काढून बजावावं लागलं की भेदभाव चालणार नाही.

आडवळण
ताई, पटलं. म्हणूनच मला वॉशिंग्टन राज्याचा २००७ चा नियम बरा वाटतो. फार्मासिस्ट स्वतः बाजूला होऊ शकतो, पण फार्मसीने औषध द्यायचंच. त्यावर खटला झाला, २०१५ मध्ये फेडरल अपील कोर्टाने नियम टिकवला आणि २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला (तीन न्यायमूर्तींनी नाराजी लिहून ठेवली, त्यात खुद्द सरन्यायाधीश).
अवांतर: इमर्जन्सी पिल मुळात बीज बाहेर पडणं लांबवते, रुजलेला गर्भ पाडत नाही. ती फलित बीज रुजण्यापासून रोखत असावी, हा जुना उल्लेखही अमेरिकेच्या औषध खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये लेबलवरून काढला. मग समजच चुकीचा असेल तर त्यावरचा आक्षेप धरायचा का?

उंबरठा
आता विवेकालाही लॅब रिपोर्ट जोडायचा? म्हणजे उद्या सरकारने ठरवायचं कुणाची श्रद्धा बरोबर. पिलबद्दल फार्मासिस्टला नीट माहिती हवी हे मान्य, फार्मासिस्ट असून तेवढं माहीत नसेल तर कठीणच आहे. पण नोकरीचं म्हणाल तर २०२३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलंच की कर्मचाऱ्याच्या धर्मासाठी सोय करून देणं टाळायचं असेल तर धंद्यावर मोठा भार पडतो हे मालकाने दाखवायला हवं. मोठ्या दुकानाला दुसरा माणूस उभा करायला कितीसा भार पडतो?

तिखटमीठ
मोठ्या दुकानाला. छोट्याचं काय?

बारीक_अक्षर
तेच म्हणते. आडवळण, तुमचा नियम कागदावर छान आहे, पण रात्रपाळीला मी एकटीच असते. बाजूला व्हायचं म्हणजे माझी जागा घ्यायला कोण येणार?