लुडविग्सबुर्गचं भोपळा-प्रदर्शन: सासू-सासरे आणि मुलांसह एक दिवस, सल्ला हवा

घाटावरची: सप्टेंबरात श्टुटगार्टहून लुडविग्सबुर्गला भोपळ्यांचं प्रदर्शन बघायला जायचंय. आम्ही दोघं, पुण्याहून आलेले सासू-सासरे, मुलगा ७ वर्षांचा, मुलगी २ वर्षांची. तिकिटं-जेवण धरून १०० युरोंत बसवायचंय. सासूबाई अंडंसुद्धा खात नाहीत. मुलाला भोपळ्यांच्या होड्यांची शर्यत बघायचीय. कोणत्या दिवशी जावं, आणि तिथे खायला काय मिळेल?

नदीकाठ: गाडीनेच जा. सोबत वयस्कर माणसं आहेत. जेवण प्रदर्शनाच्या बागेत नकोच, गावात चांगल्या रेस्टॉरंटमध्ये आधी टेबल सांगून ठेवा. थोडे जास्त पैसे जातील, पण निवांत बसता येतं.

शेवगा: गाडी अजिबात नको, रविवारी पार्किंगसाठी फिरत बसाल. एस-बानची (लोकल गाडी) एस ४ किंवा एस ५ पकडा, मुख्य स्टेशनवरून साधारण १५ मिनिटं. पुढे बस, नाहीतर पायी १५-२० मिनिटं. व्हीव्हीएसचं (इथल्या बस-लोकलची एकत्र तिकीट व्यवस्था) ग्रुपचं दिवसाचं तिकीट ५ जणांना चालतं आणि ६ वर्षांखालची मुलं त्यात मोजत नाहीत, म्हणजे तुम्ही बरोबर बसता. डॉइचलांड-तिकीट म्हणजे एकाच माणसाचा मासिक पास, त्यावर सासू-सासऱ्यांना नेता येणार नाही. रुळांच्या कामामुळे शनिवार-रविवारी गाड्या बदलतात, आदल्या रात्री ॲप बघा.

तिखटमीठ: खाण्याचं सांगते. भोपळ्याचं सूप घ्या, पण आधी विचारा: ‘गेम्यूजब्रूए ओडर फ्लाइशब्रूए?’ भाज्यांचं पाणी की मांसाचं, तेवढं कळतं. वरून श्पेकचे (खारवलेलं डुकराचं मांस) तुकडे घालतात, तेव्हा ‘ओने श्पेक’ म्हणा. तळलेल्या भोपळ्याच्या काड्या मुलांना आवडतील. माउलटाशनच्या (सारण भरलेल्या उकडीच्या पाऱ्या) सारणात बहुधा मांस असतं. शाकाहारी मिळाल्या तरी पारीत अंडं असतं.

कावळा: केझश्पेट्झ्ले घ्या की, पिठाच्या छोट्या शेवयांवर चीज आणि कांदा, पूर्ण शाकाहारी.

तिखटमीठ: श्पेट्झ्लेच्या पिठात अंडं असतंच. कांद्याच्या केकमध्येही अंडं, शिवाय बहुतेकदा श्पेक. सासूबाईंसाठी घरून दशम्या आणि चटणी न्या, बागेत बाकं भरपूर आहेत. आणि ‘नोयर वाइन’ गढूळ रसासारखी दिसते, गोड लागते, पण ती आंबत असलेली दारू आहे. ज्यूस समजून सासऱ्यांच्या हातात देऊ नका.

शेवगा: +१. रोख पैसे ठेवा. ग्लासाचं डिपॉझिट घेतात, ग्लास परत केल्याशिवाय निघू नका.

कावळा: रविवार टाळा. शर्यत रविवारी असते, त्या दिवशी तळ्याकाठी माणसांची भिंत उभी राहते, ७ वर्षांच्या मुलाला पाठीच दिसतात. मंगळवारी-बुधवारी जा. त्याच तिकिटात मेर्शेनगार्टन (मुलांसाठी परीकथांची बाग) आहे, तिथे मुलाचे दोन-तीन तास सहज जातात. आधी तेच करा, ते बागेच्या आधी बंद होतं.

नदीकाठ: रविवार नको, हे माझंही मत. मी गाडीचं म्हणतो ते मधल्या वारी जायचं असेल तर.

तिखटमीठ: येताना भोपळा आणाल तर जपून. शोभेचे छोटे, खडबडीत, पट्ट्यापट्ट्यांचे भोपळे खायचे नसतात. त्यांच्यातलं कुकुर्बिटासिन हे कडू द्रव्य विषारी असतं आणि शिजवून जात नाही. खायचा भोपळाही कच्चा चाखून बघा, कडू लागला तर थुंकून सगळा फेकून द्या. घारग्यांना मुस्काट जातीचा भोपळा घ्या, आपल्या लाल भोपळ्याच्या जवळचा तोच.

शेवगा: घारग्यांना मुस्काट? त्याला पाणी फार सुटतं, गूळ पडला की अजून सुटतं. मग कणीक घालत बसायचं आणि घारगे चिवट होतात. होक्काइडो जातीचा घ्या, साल काढायची गरज नाही. २ वाट्या कीस, पाऊण वाटी गूळ, नुसत्या वाफेवर शिजवा आणि गार झाल्यावर मावेल तेवढी कणीक. पाण्याचा थेंबही नको.

तिखटमीठ: मुस्काटचा कीस पिळून घ्यायचा, एवढंच. होक्काइडोचे घारगे कोरडे होतात, दुसऱ्या दिवशी खाववत नाहीत.

घाटावरची: सर्वांचे आभार. आम्ही रविवारीच जातोय. मुलगा त्या होड्यांसाठीच दिवस मोजतोय, मेर्शेनगार्टन नंतर कधीही होईल. एस-बानने लवकर निघू. सासू-सासऱ्यांना झाडाखाली दशम्यांसकट बसवून मुलाला घेऊन तास-दीड तास आधीच तळ्यावर पुढची जागा धरू. स्ट्रोलर घरीच, मुलगी पाठीवरच्या झोळीत.

शेवगा: मग होक्काइडो जातानाच घेऊ नका, दिवसभर उचलून फिरावा लागेल. निघताना घ्या, देठासकट. देठ मोडलेला लवकर सडतो.