ब्रेझिंग करताना निपल हलतोय, पार्ट धरायचा कसा?

डाळिंब_ब्लोअर
नमस्कार मालक लोक. अक्कलकोट रोडला छोटं वर्कशॉप आहे आपलं, जास्त करून फवारणीच्या ब्लोअरची कामं, सांगोला पंढरपूर बाजूची गिऱ्हाईकं. आता एकाला ब्लोअरच्या मागची नोझलची रिंग पाहिजे. पाऊण इंची एमएस (साध्या लोखंडाचा) पाइप गोल वाकवायचा, त्याला भोकं मारून पितळी निपल (नोझल लावायचे आट्याचे छोटे तुकडे) बसवायचे आणि ४५ टक्के चांदीच्या रॉडनं ब्रेझ करायचं, म्हणजे पार्ट न वितळवता मधे रॉड वितळवून जोडायचं. गॅस एलपीजी-ऑक्सिजन आहे.

रॉड वितळतो, मटेरियल, म्हणजे वितळलेला रॉड, पळतं पण चांगलं, भानगड फक्त धरायची आहे. निपल भोकात नुसता उभा ठेवला की फ्लक्स (सांधा साफ ठेवायला लावतात ती पेस्ट) उकळायला लागल्यावर वर उचलला जातो नाहीतर कलंडतो. व्हाइस ग्रिपनं धरला तर तो पाना सगळी हीट खातो, पाइप लाल आणि निपल काळाच. जीआय (जस्ताचा मुलामा असलेल्या) तारेनं बांधला तर तार चिकटून बसते आणि पांढरा धूर येतो तो वेगळाच. आमचा पोरगा म्हणतो चुंबक लाव. एक निपल वाकडा बसला तरी फवारा भलतीकडे जातो, झाडाच्या निम्म्या भागाला औषधच लागत नाही. तुम्ही लोक कसं धरता सांगा की.

गारवा_सर्व्हिस
आधी जीआय तार बंद करा मालक. तो पांढरा धूर जस्ताचा आहे, जास्त घेतला छातीत तर रात्री थंडी वाजून ताप येतो. चुंबक पण विसरा, पितळाला लागत नाही हे एक आणि नुसता पाइप धरायला लावला तरी ते चकचकीत निओडिमियमवालं साधं ८० डिग्रीच्या पुढं गेलं की मरायला लागतं, तुम्ही जाणार साडेसहाशेच्या वर.

निपल उचलला जातो त्याचं सांगतो. पेस्ट फ्लक्समध्ये पाणी असतं. तुम्ही डायरेक्ट मोठी ज्योत मारता म्हणून ते पाणी एकदम उकळतं आणि हलका पार्ट वर ढकलतं. ज्योत लांब धरून सगळीकडे फिरवत आधी फ्लक्स वाळू द्या, पांढरा कडक होईल, मग फुगेल, मग काचेसारखा पातळ आणि पारदर्शक होईल. तोपर्यंत निपलला हात लावायचा नाही आणि रॉड पण लावायचा नाही. फ्लक्स फुगून बसला की एकदा काडीनं निपल खाली दाबून बघा, वर आला असेल तर तेव्हाच बसवा, मटेरियल पळाल्यावर नाही.

दुसरं, जो निपल करायचा तो बरोबर वर आभाळाकडे येईल अशी रिंग फिरवा. वजन त्याचं त्यालाच धरतं. आम्ही कॉपर पाइपला क्लॅम्प क्वचितच लावतो, सॉकेटमध्ये पाइप आत जातो म्हणून तो आपोआप सरळ राहतो. तुमच्याकडे पाइपची जाडी अडीच-पावणेतीन मिली, तेवढ्यावर निपल उभा राहणार म्हणजे डुलणारच.

काळी_तार
आमच्या घरात सोनारकाम आहे, मी स्वतः पितळी मूर्ती आणि समया दुरुस्त करतो, म्हणून बोलतो. तारेला शिव्या देऊ नका, तार चुकीची आहे. सळईला बांधतात ती काळी बाइंडिंग तार घ्या, बारीक गेजची. तिला जस्त नसतं, वरून काळी साल असते त्यामुळे चांदीचं मटेरियल तिला सहसा पकडत नाही.

बांधायची पद्धत अशी की सरळ ताणून पीळ मारायचा नाही. तार टाकली की दोन्ही बाजूंना पकडीनं एक एक छोटी वेलांटी मारायची, झेडसारखी. पार्ट गरम होऊन फुगला की ती वेलांटी उघडते आणि थंड झाला की परत थोडी धरते. नाहीतर काय होतं, पार्ट फुगतो, तार लाल होऊन ताणली जाते, आणि नेमकं मटेरियल पळायच्या वेळेला सगळं ढिलं पडतं. सांध्याच्या अगदी वरून तार नेऊ नका, दोन-तीन सूत लांब ठेवा. तारेच्या कडेकडेनं चांदी पळते आणि तिथंच जाऊन बसते.

आणि जिथं मटेरियल नको तिथं स्टेशनरीच्या दुकानातला व्हाइटनर लावा, तो खोडायचा. लावून पूर्ण वाळू द्यायचा. तुमच्या निपलला वर आटे असतील ना, ते सगळे व्हाइटनरनं रंगवून टाका, एक थेंब चांदी आट्यात गेली की तो निपल गेला. फक्त सांध्यात जाऊ देऊ नका, तिथं गेला तर मटेरियल पकडणारच नाही.

डाळिंब_ब्लोअर
वा, व्हाइटनर माहीत नव्हतं. पण तार बांधून सुद्धा निपल काटकोनात राहील का? आणि एका रिंगला १० निपल, प्रत्येकाला तार बांधत बसलो तर दिवस जाईल की ओ. शिवाय एक जण म्हणाला निपल दोन थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) टाइट करून ठोकूनच बसव, धरायची गरजच नाही. चालेल का ते?

टूलरूम_आप्पा
ठोकून बसवू नका. कारण ऐका.

पितळ लोखंडापेक्षा जास्त फुगतं. डिग्रीला एका मीटरमागं पितळ १९ मायक्रॉन धरा, एमएस १२. तुमचा निपल १२ मिलीचा, टेंपरेचर साधारण साडेसहाशे, म्हणजे तापल्यावर निपल भोकापेक्षा जवळजवळ ०.०५ मिली जास्त वाढतो. चांदीच्या मटेरियलला एका बाजूला ०.०५ ते ०.१२ मिली गॅप लागते, तेवढ्यातच ते केशाकर्षणानं आत ओढलं जातं. थंड असताना टाइट असलेला निपल गरम झाल्यावर आणखी आवळतो, मटेरियल आत जायला जागाच नाही, वरून नुसती माळ दिसते छान आणि प्रेशर दिलं की गळते. त्यात लेथवर छान कापलं जातं ते पितळ शिसंवालं असतं, ते तापलेलं असताना त्याच्यावर ताण असेल तर चिरतं. म्हणून ठोकणं पण नको आणि क्लॅम्प करकचून आवळणं पण नको. भोक आणि निपलमध्ये व्यासाला ०.१५ ते ०.२ मिली फरक ठेवा, गरम झाल्यावर तो बरोबर येतो.

आता धरायचं. बाहेरून धरायच्या आधी पार्टच असा करा की तो स्वतःला धरेल. निपलच्या खालच्या टोकाला लेथवर १० मिलीची पायरी काढा, भोक त्या हिशोबाचं मारा. वरचा १२ मिलीचा खांदा पाइपवर टेकेल. पण पाइप गोल, खांदा सपाट, त्यामुळे तो पाइपच्या लांबीच्या दिशेनं दोनच ठिकाणी टेकतो आणि आडवा डुलतो. म्हणून खांद्याला खालून पाइपच्या गोलाईची गोलवट मारून घ्या, घोड्याच्या पाठीवर खोगीर बसतं तसा बसला पाहिजे. मिलिंग असेल तर पाइपच्या ओडीएवढा (बाहेरच्या व्यासाएवढा) कटर, नसेल तर अर्धगोल कानस आणि सॅंपलसाठी पाइपचा तुकडा. आता तो डुलत पण नाही आणि मटेरियलला धरायला जागा पण वाढली, नुसत्या पाइपच्या जाडीवर अवलंबून राहायला नको. उभा राहिल्यावर भोकाच्या कडेनं पाइपवर सेंटर पंचाचे तीन हलके ठोके द्या, सारख्या अंतरावर. धातू जरासा आत सरकतो आणि पायरीला तीन ठिकाणी टेकतो, गॅप पण सगळीकडून सारखी राहते. टाइट करायचं नाही, फक्त पडायचा बंद करायचा.

गारवा_सर्व्हिस
आप्पा एकदम बरोबर. यात एक भर टाकतो, रॉड हातात घेऊन सांध्याला टोचूच नका. रॉडची तार असेल तर निपलच्या मापाच्या ड्रिलवर गुंडाळून रिंगा कापून घ्या, एक एक रिंग खांद्याला आधीच घालून ठेवा. हातानं टोचलं की पार्ट हलतो, निम्म्या वेळा वाकडेपणा तिथूनच येतो. हीट पाइपला द्या, पितळाला कमी. पाइप जाड आहे, त्याला वेळ लागतो, आणि मटेरियल जिकडं जास्त गरम तिकडं पळतं.

आणि पितळी रॉड वापरून पैसे वाचवायचा विचार डोक्यात असेल तर काढून टाका, तो वितळायला ८७० ते ९०० लागतो आणि तुमचा निपल पण त्याच्या आसपासच जातो.

काळी_तार
आप्पांचं काम भारी आहे पण मिलिंग मारायला पण वेळ लागतोच की, सगळ्यांकडे टूलरूम नसते. पाच-दहा नगांसाठी तार आणि भट्टीची पांढरी हलकी वीट बेस्ट. ती वीट सुरीनं सुद्धा कापता येते, तिच्यात रिंगच्या मापाची खाच करून घ्या आणि पाहिजे तिथं स्टीलचे खिळे टोचून पार्टला टेकू द्या. हीट पण खात नाही. फक्त सिमेंटच्या फरशीवर किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यावर ठेवून ज्योत मारू नका, आत ओल असते, ढलपा उडून डोळ्यात येतो.

टूलरूम_आप्पा
पाच-दहाला तार ठीक आहे, मी कुठं नाही म्हणतोय. पण याला एका रिंगलाच १० आहेत आणि गिऱ्हाईक खुश झालं तर शेजारच्या गावातून पण ऑर्डर येणार. तेव्हा एक साधी जिग (पार्ट जागेवर धरायची चौकट) करून ठेवा, वेळ वसूल होईल.

जाड प्लेटवर दोन व्ही खाचा असलेल्या पट्ट्या उभ्या वेल्ड करा, खाचांच्या कडा धारदार ठेवा, पाइप कडेवरच टेकला पाहिजे, सपाट जागेवर टेकला तर हीट तिथं जाणार. मागून एक खांब आणि त्याला पुढं आलेला हात, सांध्यापासून वीतभर तरी वर. हातात एक बुश (आखूड नळी), बुशमधून सहज सरकणारी एसएसची (स्टेनलेस स्टीलची) सळई, खाली तिला निपलच्या आतल्या भोकात जाणारा पायलट, भोकापेक्षा ०.३ मिली बारीक आणि बऱ्यापैकी लांब. हा पायलट निपलला काटकोनात ठेवतो, नुसतं टोकदार केलंत तर मधोमध येईल पण कलंडायचा राहणार नाही. वरच्या टोकाला पाव किलोचं वजन. स्क्रू नको, वजनच पाहिजे. स्क्रू आवळलेला राहतो, वजन पार्टबरोबर वरखाली जातं, फ्लक्स फुगला तरी आणि मटेरियल वितळून निपल खाली बसला तरी. स्प्रिंग लावायची असेल तर ज्योतीपासून लांब, गरम झाली की तिचा ताव उतरतो आणि मग ती नुसती तार. ॲल्युमिनियमचा काहीच भाग नको, ६६० ला वितळतं ते.

नवीन एसएस पायलट आधी ज्योतीवर तापवून काळा करून घ्या, चकचकीत वापरला आणि फ्लक्स लागला तर तो पण चिकटेल. वरून व्हाइटनर किंवा नुसत्या ॲसिटिलीनची काजळी.

मटेरियल चकाकून पळालं की ज्योत काढा आणि हात खिशात घाला. चकाकी जाऊन मंद होईपर्यंत जिग हलवायची नाही, ओला कपडा तर अजिबात नाही.

तापमान_४३
अजून एक, मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये सगळे पेडेस्टल फॅन समोर लावून ब्रेझिंग करतात आणि मग म्हणतात हीट पकडत नाही. फॅनचं तोंड फिरवा की ओ. पण धूर बाहेर जाईल एवढी हवा पाहिजे, रॉडच्या पाकिटावर कॅडमियम लिहिलंय का ते बघून घ्या, असेल तर तो रॉड घेऊच नका, कॅडमियमचा धूर जीवावर बेततो.

डाळिंब_ब्लोअर
सगळ्यांचे आभार. आप्पा, निपलला पायरी काढून पंचाचे ठोके मारून सॅंपल पाइपवर करून बघितलं, कापून पण बघितला, आत सगळीकडून चांदी गेलेली दिसते. खोगीर कानशीनं केलं, जरा वेळ लागला पण बसलं. जिगचं वेल्डिंग उद्या करतो. एकच अडचण राहिली, रिंगचा शेवटचा निपल करताना शेजारचा सुटेल का? आणि सगळे निपल झाल्यावर बारीक पिनहोल राहतायत एखाद्या सांध्याला, ते का?

टूलरूम_आप्पा
अंतर चार बोटांपेक्षा जास्त असेल तर सुटत नाही, कमी असेल तर पूर्ण थंड झालेल्या शेजाऱ्यावर ओलं फडकं गुंडाळा, ताज्या सांध्यावर नाही. पिनहोलचं कारण बहुतेक रिंग बंद असणार. बाकीच्या निपलना प्लग लावलेत का? आतली हवा तापून फुगते आणि वितळलेल्या चांदीतून वाट काढते. सगळे प्लग काढून ठेवा, इनलेट पण उघडा.

झाल्यावर गरम पाण्यात बुडवून ब्रशनं फ्लक्स काढा, आतून पण जोरात पाणी मारा. आत काचेसारखे कण राहिले तर ते सुटून नोझलच्या जाळीत बसतात आणि शेतकरी तुमच्या दारात येतो. टेस्टिंग हँडपंपानं पाणी भरून करा, काँप्रेसरची हवा भरून नको, सांधा सुटला तर निपल गोळीसारखा येईल.