मदत हवी आहे: वजनरहित अवस्था, अपुरी झोप आणि हाडं

नमस्कार मंडळी. अकरावीच्या मुलांसमोर अंतराळवीरांच्या हाडांवर बोलायचं आहे. एका मुद्द्यावर गाडी अडलीय. डॉक्टर किंवा शरीरशास्त्र शिकवणारं कुणी असेल तर कृपया सांगा.

वजनरहित अवस्थेचं गणित कळतं. हाडावर भार नाही, त्यामुळे हाड झिजवणाऱ्या पेशींचं काम जोरात आणि नवं हाड घडवणाऱ्यांचं मंद. खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला साधारण १ ते १.५ टक्के घटते. सुनीता विल्यम्सना स्थानकावर रोज दोनेक तास व्यायाम करावा लागे तो यासाठीच, हौस म्हणून नव्हे.

गोंधळ झोपेचा आहे. स्थानकावरून दिवसात १६ सूर्योदय दिसतात आणि झोप सरासरी सहा तासांच्या आसपास. इकडे जमिनीवर २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात पुरुषांना तीन आठवडे कमी आणि अवेळी झोपायला लावलं, तर रक्तातला हाडनिर्मितीचा निर्देशक घसरला. झिजेचा मात्र जवळपास तसाच राहिला!

मग अंतराळवीरांच्या हानीत झोपेचा वाटा वेगळा कसा काढायचा? वजनरहित अवस्थेची जमिनीवर नक्कल म्हणून माणसांना डोकं सहा अंश खाली ठेवून महिनोन् महिने अंथरुणावर आडवं ठेवण्याचे प्रयोग होतात, त्यांत कुणी झोपेचे तासही मुद्दाम कमी केलेत का? आणि रात्रपाळीवाल्यांचं उदाहरण देणं योग्य, की ती ओढाताण होईल? वर्गात दोघांचे आईवडील रात्रपाळी करतात, प्रश्न हमखास येणार.

मराठीतला एखादा लेख सुचवलात तर फारच उत्तम.