आईला सप्तशृंगी गडावर न्यायचंय, कसं जमवावं?

आईचं वय ७२, गुडघे दुखतात, पण वणीच्या देवीला जायचंच म्हणते आणि तेही चैत्रात. आम्ही नाशिकहून गाडीने निघू, पायऱ्या काही तिला जमणार नाहीत, काय करावं?

नाशिककर: पायऱ्या पाचेकशे आहेत पण टेन्शन घेऊ नका, २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, रुळावरून काही मिनिटांत वर. नाशिकपासून साधारण ६० किमी, नांदुरीपासून घाट सुरू. सकाळी लवकर निघा.

खान्देशी: चैत्रात नका हो नेऊ आईंना! आमच्याकडचे लोक जळगाव-धुळ्याहून पायी येतात तेव्हा, तुफान गर्दी असते, खाजगी गाड्या नांदुरीलाच अडवतात आणि पुढे एसटीने जावं लागतं. यात्रा उरकल्यावर जा, त्यातही मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा टाळा. दर्शन निवांत होईल, आईचं मन भरेल.

गडभक्त: देवीला साडी नेसवायची असेल तर अकरा वार लागते, साधी चालत नाही. अठरा हातांची मूर्ती आहे आणि २०२२ ला शेंदराचा थर काढल्यापासून मूळ रूप दिसतं, डोळे तर बघतच राहावेत असे. मान किंचित कललेली आहे, समोरच्या डोंगरावरून मार्कंडेय ऋषींचं स्तवन ऐकतेय म्हणतात, तो डोंगर आईंना नक्की दाखवा.

खूप आभार सगळ्यांचे, आईशी बोलतो, वैशाखातच जाऊ.