शब्द हवेत: मराठी प्रोग्रामिंग भाषेसाठी लूप, टोकन, पार्सर

मंडळी, आमच्या देवगडात आंब्याचा सीझन उरकला, पावसामुळे संध्याकाळ मोकळी असते, म्हणून हौसेखातर एक छोटी प्रोग्रामिंगची भाषा करायला घेतलीये, कीवर्ड (भाषेतले ठरलेले शब्द) सगळे मराठी. पेट्यांचा हिशोब तिच्यात लिहिता आला तरी बास. ‘जर, तर, नाहीतर’ आयतेच मिळाले, व्हेरिएबलला, म्हणजे किंमत साठवायच्या नावाला, शाळेतलं ‘चल’ ठेवलंय. अडलंय लूपपाशी, म्हणजे तेच काम पुन्हापुन्हा करायला सांगतात तिथे, ‘पुनरावृत्ती’ दरवेळी कोण टाइप करणार? टोकन (लिहिलेल्या ओळीचे सुटे तुकडे) आणि पार्सरला (त्या तुकड्यांचा संबंध लावणारा भाग) पण शब्द सुचवा.

*

व्हाइल लूपला, म्हणजे अट खरी असेपर्यंत फिरणाऱ्या लूपला, ‘जोवर… तोवर’ घ्याच. ‘जर पेट्या > ० तर’ आणि ‘जोवर पेट्या > ० तोवर’, साचा एकच, म्हणजे व्याकरणाचा नियमही जवळजवळ तोच लागतो. मोजून करायचं असेल तर ‘१२ वेळा’. टोकन पाडणं म्हणजे पदच्छेद आणि पार्सिंग म्हणजे अन्वय, संस्कृतच्या तासाला श्लोकाचं हेच तर करायचो, आधी शब्द सुटे करायचे मग कोणाचा कोणाशी संबंध ते लावायचं.

अजून एक, मराठीत क्रियापद शेवटी येतं त्याचा फायदा घ्या ना! चार्ल्स मूरची फोर्थ भाषा १९७० च्या सुमाराची, तिच्यात आकडे आधी आणि क्रिया नंतर. ४० पेट्या, पेटीत ५ डझन, तर फळं किती? ‘४० ५ गुणा १२ गुणा’. आकडे एकावर एक रचत जायचे, ‘गुणा’ आलं की वरचे दोन उचलून उत्तर परत वर ठेवायचं, शेवटी २४०० उरतात. कंस नकोत, आणि हिशोबापुरता अन्वय लावायची गरजच राहत नाही. मला हे फार मराठी वाटतं.

*

‘१२ वेळा’ला माझं पण मत. पण चलाला ‘फेऱ्या’ नाव देऊन बघा. काही कीबोर्ड ‘ऱ’ अधिक हलन्त देतात, काही साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात पण कॉम्प्युटरला ती दोन वेगळी नावं, आणि युनिकोडचं (कॉम्प्युटरवरच्या अक्षरांचं प्रमाण) नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं सारखी करणं, पण ती एक करत नाही. मालवणात बसून ‘वाऱ्याचा_वेग’ लिहिणाऱ्याला ‘असा चल नाही’ असा एरर आला तर तो डोकं फोडेल. म्हणून पदच्छेदाच्या आधीच दुसरं रूप पहिल्यात बदलून घ्या, आणि काना-मात्रा हे अक्षर नाही म्हणून नाव मधेच तुटत नाही ना तेही तपासा.