मदत हवी आहे: बँक बुडवणाऱ्या संचालकांवरच्या, सहकार कायद्याच्या कलम ८८ च्या चौकशीला स्थगिती, ठेवीदारांनी काय करावं?

नमस्कार. सहकार कायदा, बँकिंग किंवा वकिली यातलं ज्यांना कळतं त्यांनी कृपया वेळ काढून वाचा.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावची नागरी सहकारी बँक. प्रकरण चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. निवृत्तीनंतर मिळालेले पैसे आणि विकलेल्या प्लॉटचे पैसे असे मिळून साधारण १४ लाख तिने या बँकेत मुदत ठेवीत ठेवले होते. जास्त व्याजाचा मोह नव्हता. अध्यक्ष गावातलेच, माजी आमदारांच्या घरातले, प्रत्येकाला नावानं ओळखणारे. त्यांच्या शब्दावर अख्ख्या शिक्षक कॉलनीनं ठेवी ठेवल्या.

मग रिझर्व्ह बँकेचे बँकिंग कायद्याच्या कलम ३५अ खालचे निर्बंध आले, पुढे परवाना रद्द झाला आणि अवसायक, म्हणजे बंद बँकेची वसुली आणि देणी बघणारा अधिकारी, नेमला गेला. ठेव विमा महामंडळाकडून आईला ५ लाख मिळाले. त्याबद्दल तक्रार नाही. फेब्रुवारी २०२० पर्यंत हीच मर्यादा १ लाख होती आणि २०२१ च्या दुरुस्तीआधी निर्बंधांच्या काळात विम्याचे पैसे मिळतच नसत. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आल्यावर तिच्या ठेवीदारांनी सप्टेंबर २०१९ पासून जे सोसलं, रस्त्यावर उतरून जे मांडलं, त्यानंतरच ९० दिवसांत पैसे देण्याची तरतूद आली. आमच्या घरात आलेल्या ५ लाखांत त्या लोकांचाही वाटा आहे असं मी मानते.

पण उरलेले ९ लाख? अवसायक म्हणतात, कर्जवसुली होईल तसं बघू. वसुली झाली तरी विमा महामंडळानं दिलेले पैसे आधी परत करावे लागतात, मग आमचा नंबर. म्हणजे मोठी थकीत कर्जं वसूल झाल्याशिवाय आईसारख्यांच्या हाती काही लागणार नाही. आणि ही कर्जं आहेत कुणाची? संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज द्यायला नागरी बँकांना २००३ पासून बंदी आहे. इथे कर्जं नातेवाइकांच्या नावावर नव्हती, ड्रायव्हर, कारखान्यातले कामगार, शेतावरचा गडी अशांच्या नावावर होती. तारण म्हणून एकच जमीन अनेकदा दाखवली होती. सहकार कायद्याच्या कलम ८३ च्या चौकशी अहवालात हे सगळं आलं आहे.

त्यानंतर कलम ८८ खाली प्राधिकृत अधिकारी नेमले गेले. माझ्या समजुतीप्रमाणे खरी नाडी इथेच आहे. या कलमाखाली बँकेचं नुकसान कुणामुळे किती झालं ते ठरवून संचालकाच्या स्वतःच्या मालमत्तेतून वसूल करता येतं. आरोपपत्रं निघाली, सुनावण्या सुरू झाल्या, आणि एका माजी संचालकानं मंत्रालयात अपील करून स्थगिती आणली. तेव्हापासून सगळं ठप्प आहे. गावातले पुढारी आम्हाला सांगतात, उगाच गाजावाजा करू नका, पैसे मिळायचे तेही मिळणार नाहीत. त्या संचालकानं मधल्या काळात दोन एकर जमीन मुलाच्या नावावर केली.

पोलिसांत गुन्हा दाखल आहे, पण त्यावर भिस्त ठेवायला मन होत नाही. शिखर बँकेच्या (महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेच्या) प्रकरणात उच्च न्यायालयाच्या आदेशावरून २०१९ मध्ये गुन्हा नोंदला गेला आणि २०२० मध्ये आर्थिक गुन्हे शाखेनं तपास बंद करण्याचा अहवाल दिला, हे आपण सगळ्यांनी वाचलं आहे.

तर विचारायचं ते असं. स्थगितीच्या अपिलात आम्हा ठेवीदारांना कुणी विचारलंच नाही. आम्हाला त्यात पक्षकार होता येतं का? रिझर्व्ह बँकेचे तपासणी अहवाल मिळवता येतात का? आणि तोवर जमिनी विकल्या जाऊ नयेत यासाठी काय करावं? आई ७२ वर्षांची आहे. माझ्याच्यानं निकाल बघून होईल ना, असं ती विचारते.

प्रतिसाद – कृष्णाकाठ

ताई, सहकार खात्यात नोकरी केली आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी आईंकडे बँकेचा शेअर आहे का ते बघा. नुसत्या ठेवीदारापेक्षा सभासदाचं पारडं कायद्यात जड असतं. सभासदाला कलम ३२ खाली ताळेबंद, सभासद यादी, सभांची इतिवृत्तं बघता येतात, फी भरून नकलाही मिळतात. कर्ज मंजूर करताना कोण हजर होतं ते इतिवृत्तातच सापडतं.

अपिलात हस्तक्षेप अर्ज करता येतो. एकट्यानं करू नका. पंधरा-वीस ठेवीदारांच्या सह्या आणि ठेव पावत्यांच्या प्रती जोडा, आणि अर्जाची पोच घ्याच. सुनावणी लावत नसतील तर उच्च न्यायालयात रिट याचिका. मुदत ठरवून अपील निकाली काढा, एवढीच मागणी ठेवली तरी पुष्कळ. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे जिल्हे त्याच्याकडे येतात, त्यामुळे मुंबईचे हेलपाटे वाचतील.

जमिनीचं मात्र आजच हातात घ्या. कलम ९५ खाली सहकारी संस्थांच्या निबंधकांना आदेशाआधीच मालमत्ता जप्त करता येते, पण मालमत्ता हलवली जात आहे हे त्यांना पटवावं लागतं. मुलाच्या नावावर केलेल्या जमिनीचे फेरफार आणि सातबारा काढा, तारखा आरोपपत्राच्या तारखेशी ताडून एका कागदावर मांडा आणि अर्ज जिल्हा उपनिबंधकांना द्या, प्रत अवसायकांना. स्थगितीचा आदेश शब्दन् शब्द वाचा. बऱ्याचदा ती फक्त त्या एका संचालकापुरती असते आणि कार्यालय सगळ्यांचीच चौकशी थांबवून बसतं.

प्रतिसाद – माहिती अधिकारवाला

तपासणी अहवालांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज थेट रिझर्व्ह बँकेकडे करा. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जयंतीलाल मिस्त्री प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे की बँकेशी विश्वासाचं नातं असल्याचं कारण देऊन रिझर्व्ह बँकेला हे अहवाल दडवता येत नाहीत. सहकारी बँकेकडे मात्र अर्ज करू नका. २०१३ च्या थलप्पलम निकालानुसार सहकारी संस्था सरसकट सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाहीत, म्हणजे त्यांना माहिती अधिकार थेट लागू होत नाही. निबंधकांना जे कायद्यानं मागवता येतं ते निबंधकांकडूनच मागा. स्थगितीच्या फाइलवरच्या टिपण्याही मागा. खात्यानं स्थगितीला विरोध केला होता का, हे त्यात दिसतं आणि रिटमध्ये ते फार उपयोगी पडतं.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. कपाटात शोधलं, आईच्या नावाचं शेअर प्रमाणपत्र सापडलं! स्थगितीचा आदेशही पुन्हा वाचला. त्यात एकाच संचालकाचं नाव आहे, बाकीच्यांबद्दल एक ओळही नाही. बाकीच्यांची चौकशी लगेच सुरू करा असं लेखी द्यायचं आहे. हे पत्र प्राधिकृत अधिकाऱ्यांना द्यायचं की थेट पुण्याला सहकार आयुक्तांना? अशा पत्राचा नमुना कुणाकडे असेल तर कृपया इथेच टाका. कॉलनीतल्या आणखीही ठेवीदारांना तो लागणार आहे.